बोन्सायशेजारच्या त्या इवल्याशा कुंडीत गवत का लावतात? आणि ते घरी कसं वाढवायचं?

बोन्सायच्या प्रदर्शनातला एखादा फोटो तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. मधोमध एक देखणं, वयस्कर वाटणारं झाड. मागे साधी भिंत. आणि झाडाच्या एका बाजूला, जरा खालच्या पातळीवर, तळहातावर मावेल एवढ्या कुंडीत चार काड्या गवत, नाहीतर एखादा नाजूक नेचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे उचलायचं कुणीतरी विसरलं असावं.

पण ते कुणी विसरलेलं नसतं. त्या गवताची जागा, उंची, कुंडीचा रंग हे सगळं विचार करून ठरवलेलं असतं. बोन्साय करणारी मंडळी त्याला अ‍ॅक्सेंट प्लांट म्हणतात. आपण सोपं करून 'सोबतीचं रोप' म्हणू.

गंमत म्हणजे, ज्यांना बोन्साय शिकायचंय पण हिंमत होत नाही, त्यांच्यासाठी सुरुवात करायची सगळ्यात स्वस्त आणि सोपी जागा हीच आहे. कशी, ते बघूया.

झाडाखालचं गवत

जपानी भाषेत या सोबतीच्या रोपाला 'शिताकुसा' म्हणतात. शिता म्हणजे खाली आणि कुसा म्हणजे गवत. झाडाखालचं गवत, इतका सरळ अर्थ. हीच कुंडी बोन्सायशिवाय, एकटीच मांडली तर तिला 'कुसामोनो' म्हणतात. 'कुसा' हा शब्द लक्षात ठेवायचा असेल तर आपला 'कुश' आठवा. दोन्ही शब्दांचं नातं काही नाही, पण योगायोग छान आहे.

जुन्या पद्धतीच्या जपानी घरात बैठकीच्या खोलीला एक कोनाड्यासारखी जागा असते, तिला तोकोनोमा म्हणतात. त्यात मागे एक चित्र किंवा सुलेखन टांगायचं, पुढे बोन्साय ठेवायचं आणि बाजूला हे छोटं रोप. तिन्ही मिळून एकच प्रसंग उभा राहतो. टोकियोत १९३४ पासून भरणारं 'कोकुफू-तेन' हे बोन्सायचं नावाजलेलं प्रदर्शन. तिथंही मोठ्या झाडांच्या शेजारी ही छोटी कुंडी दिसते.

एवढीशी कुंडी करते तरी काय?

ती तीन कामं करते.

पहिलं काम, ऋतू सांगणं. पाइनचं बोन्साय बाराही महिने हिरवंच असतं. ते नुसतं बघून जानेवारी आहे की ऑगस्ट, हे कळायला मार्ग नाही. शेजारचं रोप ते सांगतं. जपानमध्ये 'सुसुकी' नावाचं तुऱ्यांचं गवत आहे. शरद ऋतूतल्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीच्या आगेमागे, तिथं चंद्रदर्शनाचा सण असतो आणि त्यात हे गवत मांडतात. त्यामुळे कुंडीत सुसुकीचे तुरे दिसले की बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर आपोआप शरदातली चांदणी रात्र येते. वेगळं काही लिहावं लागत नाही.

दुसरं काम, जागा सांगणं. शेजारी ओलसर जागेतला नेचा असेल तर झाड एखाद्या ओढ्याकाठचं वाटतं. खडकावरची जाड पानांची वनस्पती असेल तर तेच झाड उघड्या डोंगरावरचं वाटू लागतं.

तिसरं काम, झाड मोठं दाखवणं. दीड फुटाचं झाड एकटं ठेवलं तर ते दीड फुटाचंच दिसतं. त्याच्या पायाशी बोटभर गवत आलं की नजर फसते आणि झाड वडाएवढं भासायला लागतं.

आता यातली महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. सोबतीचं रोप हे आपल्या ऋतूचं आणि आपल्या जागेचं असायला हवं. सुसुकी जपानी माणसाला शरद सांगते, आपल्याला काहीच सांगत नाही. आपल्याला ऋतू सांगतात त्या गणपतीतल्या दूर्वा, पहिल्या पावसानंतर उमलणारी लिली आणि विहिरीच्या कठड्यात उगवलेला हंसराज. त्यामुळे हा छंद महाराष्ट्रात करायचा तर जपानची नक्कल करायची गरजच नाही. आपल्याकडे पावसाळा आहे.

सुरुवात इथूनच का करावी?

अनेकांचा बोन्सायचा अनुभव एकाच वळणाचा असतो. कुणीतरी वाढदिवसाला तयार बोन्साय भेट देतं. पहिले पंधरा दिवस कौतुक होतं. मग एक तर पाणी कमी पडतं, नाहीतर जास्त होतं. दोन-तीन महिन्यांत पानं गळतात आणि माणूस ठरवून टाकतो, 'आपल्या हाताला झाडं लागत नाहीत.'

खरं तर दोष हाताचा नसतो. उथळ कुंडीत, मूठभर मातीत झाड जगवायची सवय झालेली नसते. ही सवय महागड्या, जुन्या झाडावर करण्यापेक्षा चार काड्या दूर्वांवर केलेली बरी. दूर्वा वाळल्या तर पुन्हा लावता येतात.

शिवाय बोन्सायला आकार यायला वर्षं लागतात. सोबतीचं रोप जूनमध्ये लावलं तर गणपतीपर्यंत बघण्यासारखं होतं.

रोप आणायचं कुठून? आधी एक पथ्य

पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलात तर वाटेल, हे रोप कुंडीत काय सुंदर दिसेल! कातळावर मातीचा जेमतेम पातळ थर आणि त्यात फुललेली सोनकी, गेंद, सीतेची आसवे. निसर्गानंच मांडलेलं कुसामोनो म्हणा ना.

पण तिथलं एकही रोप उपटून आणायचं नाही. कास पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि पश्चिम घाटातल्या कितीतरी वनस्पती जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. राखीव वनातून परवानगीशिवाय झाडं आणणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच. आणि व्यवहाराचं बोलायचं तर आणलेलं रोप बहुतेक वेळा मरतंच. सीतेची आसवे ही वनस्पती कीटकभक्षी आहे. ती सतत पाणी झिरपणाऱ्या, निकस जागेत वाढते. आपल्या खतमातीत ती तग धरत नाही. म्हणजे डोंगरावरून एक रोप कमी होतं आणि आपल्या हाती काहीच येत नाही.

मग रोपं मिळतात कुठे? स्वतःच्या कुंड्यांमध्ये आपोआप उगवलेल्या तणात, सोसायटीच्या भिंतीच्या कडेला आणि साध्या नर्सरीत. फक्त अनोळखी गवत उचलू नका. गाजर गवतासारख्या तणानं अनेकांच्या त्वचेला त्रास होतो.

सुरुवातीला ही सहा रोपं पुरेत

दूर्वा: भरपूर ऊन हवं. मुळं असलेल्या चार-पाच काड्या लावल्या की त्या स्वतःच पसरतात. वाढल्या की कात्रीनं कापा, तेवढ्याच दाट होतात.

आंबुशी: कुठल्याही कुंडीत न बोलावता येणारं, तीन बदामी पानांचं तण. संध्याकाळी पानं मिटतात, फुलं पिवळी आणि नाजूक असतात. एकच सावधगिरी, तिच्या शेंगा तडकून बिया लांब उडतात. शेंगा धरल्या की खुडून टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात सगळ्या कुंड्यांत आंबुशीच दिसेल.

मंडूकपर्णी: आपल्याकडे बऱ्याच नर्सरीत ही 'ब्राह्मी' म्हणूनच मिळते. गोल पानं आणि कुंडीच्या काठावरून खाली उतरणारे धावते कोंब. अर्धवट ऊन आणि कायम ओलावा हवा.

हंसराज: काळ्या, तारेसारख्या देठाचा नेचा. थेट ऊन अजिबात नको. एकदा जरी माती कोरडी पडली तरी पानं कुरकुरीत होतात. तसं झालं तर घाबरू नका. वाळलेली पानं बुडापासून कापा आणि माती ओली ठेवा, बरेचदा नवे कोंब येतात.

रेन लिली: पावसानंतर काही दिवसांत गुलाबी किंवा पांढरी फुलं देणारा छोटा कंद. एका कुंडीत पाच-सहा कंद दाटीनं लावले तरी चालतात. कंद विषारी असतात, त्यामुळे लहान मुलं आणि पाळीव प्राण्यांपासून लांब ठेवा.

छोटं मोंडो ग्रास: गडद हिरव्या, बारीक पात्यांचा झुबका. वाढ हळू, पण चिवट. ज्यांच्या बाल्कनीत ऊन कमी येतं, त्यांनी यापासूनच सुरुवात करावी.

कुंडी शोधायला बाजारात जाऊ नका

कुंडी साधारण ५ ते १० सेंटीमीटर रुंद आणि २ ते ५ सेंटीमीटर खोल पुरते. अशा वस्तू घरात आधीच असतात. दिवाळीतली मोठी पणती, संक्रांतीचं सुगड, नारळाची करवंटी, कान तुटलेला चहाचा कप. उथळ पणतीत दूर्वा छान दिसतात आणि खोलगट सुगडात रेन लिली.

अट एकच, तळाला भोक हवं. मातीचं भांडं तासभर पाण्यात भिजवा आणि ड्रिलनं, घाई न करता, हलक्या हातानं भोक पाडा. डोळ्यांवर चष्मा असू द्या. भोकावर जुन्या मच्छरजाळीचा तुकडा ठेवला की माती वाहून जात नाही.

भाजलेल्या मातीची भांडी लवकर सुकतात, चकाकी दिलेली चिनीमातीची भांडी ओल धरतात. त्यामुळे मंडूकपर्णी आणि हंसराज कपात, दूर्वा पणतीत, हे सूत्र सोयीचं.

माती: काळी नको, चिकट नको

आपल्याकडची काळी माती शेतात सोन्यासारखी असली तरी या कुंडीत ती चालत नाही. ओली असताना ती चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही. सुकली की भेगा पडतात.

त्याऐवजी सारख्या प्रमाणात तीन गोष्टी घ्या: विटांचा बारीक चुरा किंवा जाड वाळू, धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा. विटांचा चुरा चहाच्या गाळणीतून चाळा आणि खाली पडलेली पूड टाकून द्या. तीच पूड पुढे भोकं बुजवते.

ओलावा आवडणाऱ्या रोपांना कोकोपीट थोडं वाढवा, दूर्वांना वाळू थोडी वाढवा. इतकंच.

लावायची पद्धत

१. रोप मूळच्या मातीतून अलगद काढा. मुळांभोवतीची अर्धी माती झटका. मुळं फार लांब असतील तर एक तृतीयांश कापली तरी चालतात. रेन लिलीचा कंद मात्र कापू नका.

२. कुंडीत मातीचा पातळ थर द्या, रोप ठेवा. अगदी मधोमध नको, थोडं एका बाजूला ठेवलं की नैसर्गिक वाटतं.

३. बाजूनं माती भरा आणि काडीनं टोचत टोचत खाली बसवा. आत पोकळी राहिली तर तिथली मुळं सुकतात.

४. वर शेवाळ लावा. पावसाळ्यात गच्चीच्या कठड्यावर, जुन्या कुंड्यांवर ते भरपूर मिळतं. खराट्याच्या काडीनं पातळ पापुद्रा काढा आणि मातीवर दाबून बसवा. पाणी घालताना माती उडत नाही. उन्हाळ्यात ते तपकिरी पडतं, पावसात बहुधा पुन्हा हिरवं होतं.

५. घमेल्यात पाणी घेऊन कुंडी काठापर्यंत बुडवा. बुडबुडे थांबले की बाहेर काढा.

६. आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. नवीन कोंब दिसला की हळूहळू तिच्या आवडीच्या उजेडात न्या.

खताची घाई नको. महिन्यानंतर, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव ते अर्धं द्रवखत, तेही दोन-तीन आठवड्यांतून एकदा. खत जास्त झालं की पानं मोठी आणि रोप लांबुडकं होतं. आपल्याला ते लहान आणि आटोपशीर हवंय.

पाणी: सगळी परीक्षा इथंच

मूठभर माती म्हणजे मूठभर ओल. मोठ्या कुंडीतलं झाड एक दिवस पाणी चुकलं तर माफ करतं, हे करत नाही. एप्रिल-मेमध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात, दिवसातून दोन-तीनदा बघावं लागतं.

कधी पाणी द्यायचं, हे घड्याळाला विचारू नका. पाणी दिल्यावर कुंडी हातात उचलून वजनाचा अंदाज घ्या. थोड्या वेळानं पुन्हा उचला. हलकी लागली की पाणी द्या. आठवडाभरात हाताला आपोआप कळायला लागतं. पुढे बोन्साय करायचं ठरवलंत तर हीच सवय तुमचं झाड वाचवणार आहे.

नोकरीमुळे दिवसभर घराबाहेर असाल तर एक सोपा उपाय आहे. पसरट ट्रेमध्ये दोन बोटं जाड वाळू पसरा, ती ओली ठेवा आणि कुंड्या त्यात किंचित रुतवून ठेवा. वाळूतली ओल कुंडीच्या भोकातून वर चढते. पाणी वाळूच्या वर साचू देऊ नका. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

वर्षाचं वेळापत्रक

जून-जुलै: नवीन लागवड, दाट झालेल्या झुबक्यांची विभागणी. मुळं धरायला यापेक्षा चांगला काळ नाही. पागोळ्यांचं पाणी थेट कुंडीत पडणार नाही, एवढं बघा.

ऑगस्ट-सप्टेंबर: रोपं सगळ्यात सुंदर दिसतात ते हे दिवस.

ऑक्टोबर: पाऊस गेला म्हणून पाण्याची आठवण राहत नाही आणि ऊन तर कडक झालेलं असतं. बरीच रोपं मेमध्ये नाही, ऑक्टोबरमध्ये दगावतात.

नोव्हेंबर-फेब्रुवारी: वाढ मंदावते. वाळकी पानं काढा, खत थांबवा. वाळलेलं गवतही कुंडीत देखणं दिसतं, हिवाळा सांगतं. लगेच फेकू नका.

मार्च-मे: दुपारच्या उन्हापासून वाचवा. शेडनेट किंवा मोठ्या झाडाची सावली. या काळात रोप जगलं तरी पुरे, सुंदर दिसायची अपेक्षा नको.

आता जोडी जमवूया

सोबतीचं रोप बोन्सायच्या कुंडीत लावायचं नसतं. ही सगळ्यात नेहमीची चूक. तिथं ते झाडाचं पाणी आणि खत पळवतं आणि दोघांची पाण्याची गरजही वेगळी असते. एरवी दोघांनी आपापल्या जागी राहायचं, मांडताना तेवढं एकत्र यायचं.

मांडताना हे लक्षात ठेवा:

• रोप झाडापेक्षा स्पष्टपणे लहान हवं. झाडाच्या उंचीच्या एक तृतीयांशाच्या आतच.

• झाड ज्या बाजूला झुकलंय, त्या बाजूला रोप थोडं दूर ठेवा. अगदी चिकटून नको.

• झाड फुलावर असेल तर रोप बिनफुलांचं ठेवा. फुललेल्या बोगनवेलीशेजारी मोंडो ग्रास शोभतं, रेन लिली भांडण करते.

• कुंड्या एकसारख्या नकोत. झाडाची कुंडी चौकोनी असेल तर रोपाची गोल. रंगही वेगळा.

• दोघंही निसर्गात एकमेकांजवळ दिसतील असे हवेत. वडाशेजारी हंसराज पटतो, कारण जुन्या विहिरीच्या दगडांत दोघंही उगवतात. बांधावरच्या चिंचेशेजारी दूर्वा पटतात.

• रोपाच्या कुंडीखाली काहीतरी पातळ बैठक द्या. लाकडाची चकती चालते. माळ्यावर पडलेली जुनी दगडी पाटी तर फारच सुंदर दिसते.

फोटो काढायचा असेल तर मागे साधी भिंत ठेवा आणि मोबाइल कुंडीच्या काठाच्या उंचीवर आणा. वरून काढलेल्या फोटोत झाड खेळण्यासारखं दिसतं, समोरून काढलं की झाडासारखं.

आणि बोन्साय नसेलच तर?

तरीही बिघडत नाही. एकटी कुंडी मांडली तर ती कुसामोनो होते, हे आपण वर पाहिलंच. एका कुंडीपासून सुरुवात करा आणि ती पुढच्या जूनपर्यंत जगवा. एक पावसाळा, एक ऑक्टोबर आणि एक मे महिना तुमच्या हातून पार पडला की उथळ कुंडीतलं झाड सांभाळण्यातला निम्मा अभ्यास झालेला असेल.

मग नर्सरीत जाऊन वडाचं किंवा उंबराचं छोटं रोप खुशाल आणा. त्याला झाडासारखं दिसायला वर्षं लागतील. पण त्याच्या सोबतीला काय ठेवायचं, हा प्रश्न तुम्ही आधीच सोडवलेला असेल.